बोरगावचा तोडलेला खांब

बसवंत निलंग्याच्या दूधसंघात बावीस वर्षं कारकून. संघात कॉम्प्युटर आला तेव्हा माऊसला पहिला हात त्याचाच लागला, ही गोष्ट तो नव्या माणसाला पहिल्याच चहाला सांगायचा. मग मागल्या साली वर्षाराणी आली. लातूरला शिकलेली, हळू बोलणारी, कुणाचं उणंदुणं न काढणारी. हेच बसवंताला लई खुपायचं. तिच्यात काही खोट सापडली असती तर जीव जरा थंड झाला असता.

सभेच्या फ्लेक्सवर गावोगावच्या दुधाचा तक्ता दरसाल बसवंत काढायचा. गावागणिक एक उभा खांब. पण बोरगावचं दूध रोजचं चार हजार शंभर लिटर, बाकी गावांचं दोनशे-तीनशे. त्यामुळं बोरगावचा खांब आढ्याला आणि बाकीची गावं खाली सांडलेल्या ज्वारीगत. गेल्या सभेत तांबरवाडीवाले भांडले, आमचं गाव दिसतच न्हाई म्हणून. यंदा चेअरमन मल्लेश जाता जाता बोलून गेले, तक्ता वर्षा करंल.

उंच खांब मधीच तोडून बुटका करायचं बटन एक्सेलात न्हाई, हे बसवंताला पक्कं ठाऊक होतं. धा येळा धुंडाळलं होतं त्यानं. पोरीनं बटन धुंडाळलंच न्हाई. तिनं शेजारी दुसरा रकाना केला, त्यात बोरगावपुढं सहाशे लिहिले, बाकीच्यांचं जसंच्या तसं. त्या रकान्यावरनं खांब उभे केले आणि बोरगावच्या डोक्यावर खरा आकडा ठेवला. मग त्या खांबाच्या मधोमध दोन तिरप्या पांढऱ्या पट्ट्या टाकल्या. डाव्या बाजूच्या आकड्यांच्या रेघेवरबी तशाच दोन, आणि त्यांच्या वरचे आकडे पुसले.

"अप्पा, पट्ट्या बघितल्या की माणसाला कळतं, मधलं गाळलंय," ती म्हणाली. "पट्ट्या नसल्या तर ही निव्वळ लबाडी."

बसवंत व्हय म्हणाला. एवढीशी युक्ती, आणि आपल्याला बावीस वर्षांत सुचू नये, हे त्याला सोसंना.

फ्लेक्स छापायला पेनड्राइव्ह घेऊन त्यालाच धाडलं. दुकानात त्यानं फाईल उघडली, बारीक दुरुस्ती हाय म्हणाला आणि चारी पट्ट्या एकेक करून पुसून टाकल्या.

सभेत फ्लेक्स लागला. लांबून आकडे कोण वाचतंय, माणूस खांब बघतो. तांबरवाडीचा पंढरी खूश होऊन उठला. आम्ही बोरगावच्या निम्म्यावर आलो, तर आता एक संचालक आमचा पाहिजे, म्हणाला. तशी बोरगावची गुरम्मा पदर खोचून उभी राहिली. आठ म्हशी तिच्या.

"आमच्या म्हशी आटल्या का काय रं? का तुमचं माप आटलं?"

चेअरमननं वर्षाकडं बघितलं. बसवंत पाठ ताठ करून बसला. पोरगी आता तोंडघशी पडती, मग पडती. तिनं फ्लेक्स बघितला, मग एकदाच बसवंताकडं बघितलं. नाव मात्र घेतलं न्हाई. पट्ट्या राहून गेल्या म्हणाली, सभेला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरकडनं पांढऱ्या चिकटपट्टीचा रोल मागून घेतला आणि खांबावर दोन, रेघेवर दोन तुकडे तिरपे चिकटवले.

"मावशी, इथं साडेतीन हजार लिटर दूध गाळलंय. सगळं उभं केलं तर खांब ह्या पत्र्याच्या वर जाईल."

गुरम्मानं मान वर करून पत्रा बघितला. "मंग काप बाई. पर वर जातंय हे लिवून ठेव."

सभा हसली, पंढरी खाली बसला. छापून आल्या असत्या तर त्या पट्ट्यांकडं कुणी बघितलंबी नसतं. आता पोराबाळापर्यंत कळलं. चेअरमननं तिथंच सांगून टाकलं, इथून पुढं महिन्याचा तक्ताबी वर्षाच काढंल.

सभा पांगल्यावर ती बसवंताजवळ आली. "अप्पा, पट्ट्या कॉम्प्युटरातच ग्रुप करून तक्त्याला बांधून टाकायला पाहिजे होत्या, म्हंजी कुणाच्या हातनं चुकून निघत न्हाईत. उद्या दावते."

चुकून, म्हणाली. शिवी दिली असती तर परवडली असती.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी येऊन त्यानं पट्ट्या पुन्हा टाकल्या आणि तक्त्याला बांधून बघितल्या. तिसऱ्या खेपेला जमलं. पण जमलं हे कळण्याजोगं माणूस अख्ख्या संघात एकच होतं, आणि तिला सांगायला त्याची जीभ उचलंना. बांधलेल्या पट्ट्या त्यानं परत सुट्या केल्या, ती आली की दावंलच, आणि चहाला गेला.