खिंड ओलांडणाऱ्याचे पाय

स्टुटगार्टात आमच्या खालच्या मजल्यावर एक कोरियन आजी राहतात. तरुणपणी नर्स म्हणून आल्या, दोन-तीन वर्षांत परत जाणार होत्या. अजून इथेच आहेत. भांडी घासताना त्या नेहमी एकच लोकगीत गुणगुणतात. माझी आई पुण्याहून उन्हाळ्यात राहायला आली आणि तिने त्या गाण्याचा ध्यासच घेतला. "विचार ना रे, काय म्हणतात त्या?"

मला असल्या चौकशांचा कंटाळा. त्यात मुख्य बोलणं मी टाळतच होतो. बाबा गेल्यापासून आई एकटी आहे, आणि मी परत येणार की नाही याचा अंदाज घ्यायलाच ती आली होती. पण तोंडाने विचारत नव्हती. बायकोने आणि मी इथेच राहायचं ठरवलंय, हे मलाही तिला सांगवत नव्हतं.

शेवटी एका रविवारी आजींना चहाला बोलावलं. त्या जर्मनमध्ये सांगणार, मी आईला मराठीत. मी पडलो इंजिनिअर. म्हटलं, आधी मूळ सांगा, गाणं रचलं कुणी? त्या हसल्या. धृपदातला शब्द कुणाच्या मते एका मुलीचं नाव, कुणाच्या मते डोंगरातल्या खिंडीचं. कुणी सांगतं, राजवाडा बांधायला गावोगावचे मजूर नेले होते, त्यांनी घरच्या आठवणीने ते गायलं. प्रत्येक प्रांताची चाल वेगळी, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते.

"म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही," मी वैतागून आईला म्हणालो.

"शहाणाच आहेस. जात्यावरच्या ओव्या कुणी रचल्या, सांग बघू. तू अर्थ विचार."

अर्थ सोपा निघाला. एक माणूस खिंड ओलांडून निघालाय. मागे राहिलेली म्हणते, मला टाकून जाणाऱ्या, फार लांब जायच्या आतच तुझे पाय दुखायला लागतील.

"हा शाप म्हणायचा की माया?" आईने विचारलं. मी ते आजींना जर्मनमध्ये सांगितलं.

"हो, हो, दोन्ही," आजी म्हणाल्या. "पाय दुखले की माणूस बसतो. बसला की मागे वळून बघतो."

मी ते आईला सांगितलं. तिने अर्धा चहा तसाच ठेवून कप बाजूला सारला. मला वाईट वाटलं, तरी मी विषय बदलला.

ती परत निघाली त्या दिवशी आम्ही स्टेशनकडे चालत होतो. आमच्या भागात रस्ते कमी आणि पायऱ्याच जास्त. बॅग माझ्याकडे होती, तरी आई अर्ध्यावर टेकली. गुडघे चोळत म्हणाली, "काय रे, तुझे नाही दुखत पाय?"

"छे, सवय झाली आता," मी सहज बोलून गेलो.

बोललो आणि मग कळलं, तिने काय विचारलं होतं. शब्द मागे घ्यायला तोंड उघडलं, पण खोटं काय सांगणार?

"बरंय," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून उठली. "चल, गाडी चुकेल."