ओला सांधा

हातखंब्याच्या अलीकडे आमच्या वाडीत भागोजी सुतार वीणा करायचा. नांगरही करायचा, पण नांगराचं विचारलं तर नुसतं हूं म्हणायचा आणि वीणेचं विचारलं तर तुमची दुपार गेलीच म्हणून समजा. लाकूड जुन्या फणसाचं, तीन उन्हाळे सुकवलेलं. आणि एक हट्ट: दांडी-भोपळ्याचा सांधा पावसाळ्यात जोडायचा नाही, दमट हवेत सरस वाळत नाही.

१९३१च्या आषाढात म्हातारे रावजीमामा त्याच्या ओटीवर येऊन बसले. श्रावणातल्या नामसप्ताहात देवळातली वीणा सात दिवस खाली टेकत नाही, या हातातून त्या हातात जाते. त्यातला दुपारचा पहारा चाळीस वर्षं रावजींचा. देवळाने सांगितलेली नवी वीणा दिवाळीनंतर व्हायची होती.

"भागोजी, पुढल्या सप्त्याला मी काय ऱ्हात नाय. एकदा हातात धरू दे."

भागोजीची बायको हौसा आतून म्हणाली, "अवो, पावसात सांधा नाय धरायचा. मामांना तसं सांगा."

त्याने सांगितलं नाही. म्हाताऱ्याला नाही म्हणणं जिवावर आलं, आणि आपला हात काही एवढा कच्चा नाही असंही त्याला वाटलं. चुलीच्या धगीवर त्याने सांधा वाळवला.

सप्ताहाच्या तिसऱ्या दुपारी रावजींच्या हातातच दांडी भोपळ्यापासून सुटली. भजन थांबलं नाही, कुणीतरी धावत जुनी वीणा आणली. पण वीणा ज्याच्या हातात मोडते, दोष आमच्याकडे त्याच्याच हाताला लागतो. "म्हाताऱ्याचा हात कापतो," देवळाचा कारभार पाहणारे गावकर म्हणाले, "उद्यापासून पहारा दुसऱ्याला."

रावजींनी सांध्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला मऊ सरस लागला. त्यांनी तो धोतराला पुसला, समोरच्या भागोजीकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता घरी गेले.

भागोजीही बोलला नाही. माझा त्याच्यावर फार जीव होता, तरी त्या गप्प राहण्याचा मला अजून राग येतो.

रावजी परत देवळात आले नाहीत. दसऱ्याआधी गेले.

पुढल्या श्रावणात भागोजी भर देवळात उभा राहिला. "सांधा ओला व्हता. चूक माजी. मामांचा हात कापला नाय." आता आपल्याला वाळीत टाकतील, या तयारीने तो आला होता.

गावकर म्हणाले, "झालं गेलं. आता नवी वीणा कर, सावकाश, सुकवून."

"त्यांचा पहारा एका दुपारीत काढलात," भागोजी म्हणाला, "नि मला काम देताय?" आणि तो तिथेच बसून रडायला लागला.