स्वप्नासाठी निघोज्याला

शरियतच्या हिशेबाने हा प्रवासच नव्हे. जुन्या काळी तीन मुक्कामांत पोचावं इतकं लांब गेलं, तरच माणूस मुसाफिर ठरतो आणि त्याला नमाजच्या चार रकाती, म्हणजे आवर्तनं, दोनवर आणायची सवलत मिळते. पिंपरीहून निघोजं तर बैलगाडीनेही एका दिवसात येतं. निघण्यापूर्वी मी अब्बांना विचारलं, तेव्हा ते हसले. म्हणाले, "एवढ्याशा वाटेला सफर म्हटलंस तर वाट लाजेल, रुकय्या." त्यामुळे हे प्रवासवर्णन लिहिताना मला सुरुवातीपासूनच चोरट्यासारखं वाटतं आहे. पण परीक्षेसाठी चिंचवडला गेले होते, त्यापलीकडे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. ज्या भगिनींना घराबाहेर पडायची फारशी सोय नाही, त्यांना एवढी वाटही पुरेल असं वाटतं, म्हणून लिहिते.

कारण आधी सांगायला हवं. मी सातवीची, फायनलची परीक्षा पास झाले. आमच्या घरात मी पहिलीच शिकलेली. अब्बांना सही येत नाही, अम्मीला कुराण वाचता येतं पण मराठी नाही. शाळेतल्या बाईंनी घरी येऊन सांगितलं की हिला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात घाला, दोन वर्षांनी मास्तरीण होईल. राहायला वसतिगृह आहे. अर्ज याच महिन्यात पाठवायचा होता. अब्बांनी ना हो म्हटलं ना नाही. ते म्हणाले, "इस्तिखारा करू."

इस्तिखारा म्हणजे अल्लाहकडे सल्ला मागणं. झोपण्याआधी दोन रकात नमाज पढायची, दुआ मागायची आणि कुणाशी न बोलता उजव्या कुशीवर झोपायचं. स्वप्नात हिरवं किंवा पांढरं दिसलं तर काम भल्याचं, काळं किंवा लाल दिसलं तर सोडून द्यायचं, असं आमच्याकडच्या सगळ्या बायका मानतात. मी इस्तिखारा केला. मला परीक्षेचा वर्ग दिसला, पण सकाळी उठून आठवते तर त्याच्या भिंतींचा रंगच आठवेना. अम्मीने केला. तिला बकरी दिसली, आणि ती बकरी नेमकी काळीपांढरी होती.

तेव्हा ठरलं की जैतूनखालाकडे जायचं. खाला म्हणजे अम्मीची थोरली बहीण. तिची स्वप्नं खरी होतात असा आमच्या सगळ्या नात्यात बोलबाला आहे. खालाला जे दिसेल ते कबूल, असं अब्बा म्हणाले. म्हणजे माझी सगळी पुढची वर्षं आता खालाच्या एका झोपेवर येऊन ठेपली होती.

आम्ही हिवाळ्यातल्या एका पहाटे फजरची नमाज पढून निघालो. पिंपरीत धुकं इतकं दाट होतं की नव्या कारखान्याचे दिवे नुसतेच हवेत टांगल्यासारखे दिसत होते, खाली भिंती नाहीत, वर छप्पर नाही. तो कारखाना आल्यापासून अब्बांना काम बरं आहे. आम्ही पिंजारी. बाहेरगावाहून आलेल्या कामगारांना गाद्या लागतात. अब्बांनी खांद्यावर पिंजण घेतलं होतं, कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्य. मला निघोज्याला सोडून ते चाकणला कुणाच्या तरी लग्नाच्या गाद्या भरायला जाणार होते.

भोसरीपर्यंत टांगा मिळतो. तिथे सडकेवर उभं राहिलं की खेडकडे जाणारी एस.टी. येते, हात दाखवायला लाजू नये, नाहीतर थांबत नाही. कंडक्टरने पिंजणाकडे बघून कपाळाला हात लावला.

"ओ चाचा, ही वीणा टपावर टाका. आत माणसं बसतात."

"वीणा नाही राव," अब्बा म्हणाले, "हिच्यातून गाणं निघत नाही, गादी निघते."

मागून एक पागोटेवाले बाबा म्हणाले, "मंग वाजवा की यकदा! बगू तरी!"

अब्बांनी तात छेडली. टंग् असा आवाज सगळ्या गाडीत घुमला, दोन कोंबड्या ओरडल्या आणि कंडक्टर म्हणाला, "बास, भाडं वसूल झालं." तरी दोघांचे आठ आणे त्याने घेतलेच.

मोशी मागे पडली आणि गाडी इंद्रायणीच्या पुलावर आली. नदी दिसलीच नाही. पुलाखाली पांढरं काहीतरी सावकाश सरकत होतं, ते पाणी होतं का धुकं ते कळेना. मला वाटलं, जागेपणी स्वप्न पडतं ते असं असणार. आणि लगेच धास्तावले: हे पांढरं मोजायचं का? जागेपणीचं चालतं का? अब्बांना विचारायचा धीर झाला नाही.

कुरुळीला उतरून निघोज्याला बैलगाडीने जावं लागतं. बाजाराच्या गावाकडून परतणारी गाडी मिळाली तर कुणी पैसे घेत नाही. गाडीवान फक्त घरचं सगळं विचारून घेतो. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवी पात, मध्ये हरभरा, पुढे ज्वारी. अब्बा बांधावरून चालत होते आणि मी गाडीत बसून डोळे मिटण्याचा प्रयत्न करत होते, कारण इतकं हिरवं बघून रात्री हिरवं दिसलं तर तो अल्लाहचा इशारा म्हणायचा की कांद्याचा? पण मग लक्षात आलं की स्वप्न मला नाही, खालाला पडायचं आहे, आणि खाला तर रोजच हे हिरवं बघते. त्या विचाराने आणखीच घाबरले.

खालाचं घर गावाच्या कडेला आहे. खालू, तिचे यजमान, वारले, मुली सासरी गेल्या. दोन म्हशी आहेत आणि खाला एकटी सगळं बघते. अब्बा गुळाचा चहा पिऊन चाकणला गेले. गुरुवार, आमची जुम्मेरात होती, म्हणून खालाने गव्हाची जाड रोटी कुस्करून, गूळ-तूप घालून मलिदा केला, उदबत्ती नि लोबान लावून खालूंच्या नावाने फातेहा दिली. मग वाटीभर मलिदा पदराखाली घेऊन मला म्हणाली, "चल, सोनाबाईला देऊ. तिला दिला नाही तर आठवडाभर बोलत नाही माझ्याशी."

सोनाबाई शेजारीण. तिने वाटी घेतली, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"हीच का मास्तरीण व्हनार?"

"अजून ठरायचंय," मी म्हटलं.

"ठाव हाय मला. जैतूनबी सपान बगनार हाय. समद्या आळीला ठाव हाय." तिने मलिद्याचा घास तोंडात टाकला. "आमच्या पोरीच्या येळेला आमी बी द्येवाला कौल लावला व्हता. उजवी कळी पडली. द्येव व्हय म्हनला."

"मग?"

"मंग काय, नवरा दारुडा निगाला."

खाला हसून हसून खाली बसली. मला हसू येईना.

अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजच्या वेळी मी विहिरीवर वुजू करायला, हात-तोंड-पाय धुवायला गेले. माझ्या हातात घट्ट बांगड्या आहेत. त्यांच्याखाली पाणी पोचलं नाही तर वुजू होत नाही, म्हणून मी एकेक बांगडी फिरवून पाणी घालते, आणि तरीही एखादी राहिली असं वाटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. खाला पाठीमागे बादली घेऊन उभी होती. म्हणाली, "बेटा, विहीर आटेल." नमाज मी ओसरीवर पढले, पश्चिमेकडे तोंड करून, समोर ज्वारीच्या शेतामागे सूर्य इतका मऊ झाला होता की त्याच्याकडे बघता येत होतं. सिजद्यात कपाळ सारवलेल्या जमिनीला लागलं, शेणामातीचा गार वास आला, आणि दिवसभरात पहिल्यांदा मी काहीच मागितलं नाही. ते क्षणभरच होतं, पण अजून तो वास आठवला की मन शांत होतं.

रात्री खाला इशाची नमाज, मग इस्तिखारा करून तोंडाला पदर लावून झोपली. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

सकाळी उठते तर खाला म्हशींचं दूध काढायला बसलेली. स्वप्न सूर्य वर यायच्या आधी विचारू नये म्हणतात, म्हणून मी गोठ्याच्या दाराशी उभी राहिले. दुधाच्या धारा चरवीत पडत होत्या. धुक्यात म्हशींचे श्वास मिसळत होते. शेवटी उजाडलं. खालाने चरवी बाजूला ठेवली.

"काही दिसलं नाही गं," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"दगडासारखी झोपले. कालची मेथी निवडून निवडून पाठ धरली होती. डोकं टेकलं नि अजान होईपर्यंत पत्ता नाही." मग माझं तोंड बघून तिने हात पुसले, जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी सांगू का अब्बांना हिरवं दिसलं म्हणून? तुझं काम होऊन जाईल. सगळीकडे हिरवंच तर आहे, बघ."

मी कबूल करते की क्षणभर मला ते हवंसं वाटलं. पण न पडलेलं स्वप्न सांगणाऱ्याला कयामतच्या दिवशी जवाच्या दोन दाण्यांना एकमेकांत गाठ मारायला लावतील, हे मी लहानपणापासून ऐकलं आहे. गाठ तर बसणार नाही आणि सुटकाही नाही. खाला माझ्यासाठी तिथे दाणे घेऊन बसलेली माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मला रडू फुटलं.

"नको खाला. खोटं नको."

"बरं बाई, नको," खाला घाबरून म्हणाली. "रडू नकोस. म्हशी बघतायत."

दुपारी खाला मला चाकणला घेऊन गेली. चाकणचा भुईकोट सडकेवरूनच दिसतो. बुरूज ढासळलेले, आत कुणीतरी गोवऱ्या थापलेल्या. बाजार असेल त्या दिवशी जावं. कांद्याच्या ढिगांमागे माणसं नुसती डोक्यापुरती दिसतात. खालाने हुरडा घेऊन दिला, गरम, चटणीबरोबर. तो चाकणला चुकवू नये. अब्बा ठरल्याप्रमाणे बाजाराच्या कोपऱ्यावर उभे होते, केसांत कापूस अडकलेला. त्यांनी खालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. असल्या गोष्टी घरी, अम्मीसमोर सांगायच्या, अशी आमची रीत. खालानेही पदर नीट केला आणि म्हणाली, "पोहोचलात की निरोप धाडा."

आता परतीची वाट ही अशी झाली. आम्ही पोचायला आणि आमच्या डोळ्यांदेखत गाडी सुटायला एकच गाठ पडली. मी तो इशारा धरला आणि मनात म्हटलं, नाही. दुसरी गाडी लगेच आली; होय. तिच्यात जागा नव्हती, नाही. एका बाईने मूल मांडीवर घेऊन मला जागा दिली, होय. पुढे कांद्याच्या बैलगाड्यांनी सडक अडवली, ड्रायव्हर उतरून गाडीवानाशी भांडला, मग दोघे एकाच गावचे निघाले आणि तंबाखू मळत उभे राहिले. याला काय म्हणायचं ते मला ठरवता येईना. कपाळ दुखू लागलं.

पुलावर ऊन होतं. इंद्रायणी या वेळी स्वच्छ दिसली, खडकांतून हिरवट वाहणारी. तेव्हा मला दुआचे शब्द आठवले. अरबी पाठ आहे आणि अर्थही अम्मीने शिकवलेला. हे काम माझ्या भल्याचं असेल तर सोपं कर, नसेल तर माझ्यापासून वळव, आणि जे भलं असेल त्यावर माझं मन राजी कर. मी पुन्हा म्हटली. पुन्हा पुन्हा म्हटली. दाखव, असं त्यात कुठेच नव्हतं. मन राजी कर, एवढं होतं. आणि माझ्या मनाला अजून कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. बांगड्यांखाली पाणी पोचलं का, हे मी दिवसातून पाच वेळा तपासते, पण मनाची चौकशी कधी केली नव्हती. पूल संपेपर्यंत केली.

घरी पोचलो तेव्हा अम्मीने चहा टाकला होता. तिने दार लावलं, हात पुसले आणि आमच्या दखनीत विचारलं, "क्या दिख्या आपाकू?" आपा म्हणजे तिची थोरली बहीण, आमची खाला.

अब्बा खाली बघत होते. हिरवं म्हटलं असतं तर दोघांना बरं वाटलं असतं. अल्लाहनेच पाठवलं म्हणता आलं असतं, आळीत सांगता आलं असतं.

"काही नाही दिसलं," मी म्हटलं. "खालालाही नाही, मलाही कुठला रंग नाही. पण मला जायचंय, अब्बा. जायचं म्हटलं की मन राजी होतं. वाट भल्याची नसली तर अल्लाह अडवेल."

घरात मी असं, मला अमुक हवं म्हणून, कधी बोलले नव्हते. अम्मी चहा गाळायची थांबली. सांजेच्या नमाजची, मगरिबची वेळ झाली तशी अब्बा टोपी घालून मशिदीत गेले. मला वाटलं, संपलं.

परत आले ते दारातच थांबून म्हणाले, "तिथे फजरला तुला उठवणार कोण?"

"मीच उठेन."

"हं," अब्बा म्हणाले. मग अम्मीला म्हणाले, "उद्या बाईंना बोलाव. अर्ज लिहितील."

अर्ज गेला, उत्तर अजून आलं नाही. निघोज्याला जाऊन काय मिळालं, असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. धुकं, हुरडा, सारवलेल्या जमिनीचा वास. जागा मिळेल की नाही, गेले तर भलं होईल की नाही, याची काळजी मी अजूनही रोज करते. फक्त एक बदललं आहे. पूर्वी पहाटे अम्मी माझ्या पायाला हात लावून उठवायची. आता उठवत नाही. मी आपली उठते, अंधारात चाचपडत माठातून पाणी काढते, बांगड्या फिरवते. पलीकडे अम्मी डोळे मिटून निजलेली असते. मी वुजू पुरा करून ओढणी डोक्यावर घेतली की मगच तिची बाज करकरते आणि ती उठून बसते.