दोघींचं कोरं ड्रॉइंग

नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला. ऑफिस एका सल्लागार इंजिनियरचं. कोराडीच्या वीज केंद्राची आणि आसपासच्या कारखान्यांची बांधकामाची ड्रॉइंगं आम्ही करायचो. हॉलमध्ये ड्रॉइंग बोर्डांची रांग होती आणि त्या रांगेत बायका दोघीच, मी आणि माझ्या उजव्या हाताच्या बोर्डावरची ती.

मी धरमपेठेतली, वडील सरकारी कारकून. ती उमरेडच्या विणकरांच्या घरची. माग बंद पडल्यावर तिच्या वडिलांनी किराण्याचं दुकान टाकलं आणि हिला शिकायला नागपूरला मामाकडे ठेवलं. ती डावखुरी होती. जेवताना उजवा हात, पण पेन्सिल डाव्या हातात. त्यामुळे तिचं कोपर सतत माझ्या कोपराला लागायचं. पहिले काही दिवस मी चिडले, मग दोघींनी आपापले स्टूल थोडे सरकवले आणि त्यातूनच बोलणं सुरू झालं.

जुने ड्राफ्ट्समन त्या मशीनपुढे बसायला तयार नव्हते, म्हणून साहेबांनी आम्हा दोघींना शिकायला बसवलं. हैदराबादहून आलेला एक माणूस जुजबी शिकवून निघून गेला. तो गेल्यावर आम्ही कोळशाच्या गोदामाची पहिली भिंत काढली, तर पडद्यावर काहीच दिसेना.

"गेली कुठं वं भिंत?" ती म्हणाली.

बऱ्याच वेळाने उमगलं. नवं ड्रॉइंग उघडलं की मशीन हातभर कागदाएवढी जागा धरायचं आणि आमची भिंत त्या कागदाच्या पार बाहेर गेलेली असायची. आधी जागेच्या हद्दी वाढवायच्या, मापं मिलिमीटरमध्ये ठेवायची, अक्षरांची उंची ठरवायची, मग काम. पडद्यावर ठिपक्यांची जाळीही आणता यायची. ठिपके उमटले तशी ती हसली. "हे त रांगोळी होय. आता काढ म्हणा गोपद्मं."

रोज सकाळी हे सगळं नव्याने लावायचा तिला कंटाळा आला. "एकदाच सगळं लावून कोरं ड्रॉइंग ठेवून देऊ," ती म्हणाली. "नवं काम आलं का त्याचीच कॉपी घ्यायची."

त्या कोऱ्या ड्रॉइंगपायी आम्ही आठवडाभर भांडलो. ठिपक्यांमधलं अंतर तिला मोठं हवं होतं, मला बारीक. भिंती, खिडक्या, मापं, प्रत्येकाला वेगळा रंग द्यायचा होता. खिडक्या मी निळ्या केल्या.

"काहून निळ्या केल्या?"

"खिडकीतून आभाळ दिसतं म्हणून."

"काळ्या पडद्यावर निळा दिसते का? डोळे फुटतीन आपले." तिने त्या आकाशी केल्या. "घे, आभाळच झालं." भिंतीचा पिवळा मात्र माझा राहिला.

मशीन एकच, म्हणून सकाळी ती बसायची, जेवणानंतर मी. ज्या पाटीवर माउससारखा बटणांचा ठोकळा फिरवायचा, ती पाटी तिने कीबोर्डच्या डावीकडे ठेवलेली असायची. दुपारी मी ती उजवीकडे घ्यायचे. जाता जाता ती माझ्या खांद्यावरून वाकून म्हणायची, "तो भिंतीच्या पायाचा कोपरा पाहून घेजो, मले बरोबर वाटून नाही राहिला." आणि तरी जायची नाही. एसीच्या त्या थंड खोलीत एका खुर्चीवर आम्ही दोघी अर्ध्या-अर्ध्या बसून ड्रॉइंग पुरं करायचो.

दोन उन्हाळे असे गेले. मग तिचं लग्न ठरलं. नवरा कोराडीच्या वीज केंद्रात होता, कॉलनीत क्वार्टर होतं. "कोराडी काही लांब नाही, बसने येत जाईन," ती म्हणाली. महिनाभर आलीही. मग सासूची तब्येत, बसची वेळ, शेवटी दिवस गेले, आणि तिने नोकरी सोडली. आता सकाळही माझी झाली. पाटी कायमची उजवीकडे राहिली.

तिला मुलगी झाल्यावर एका रविवारी मी बसने तिच्याकडे गेले. दोरीवरचे कपडे वीज केंद्राच्या राखडीने करडे झाले होते, ती ते झटकून आत घेत होती. मला पाहून तिने सगळे कपडे तसेच खाटेवर टाकले. वरून सांभार म्हणजे कोथिंबीर पेरलेले पोहे झाले, चहा झाला. मुलगी मांडीवर झोपली होती. नवरा ड्यूटीवर, सासू आतल्या खोलीत. ती हळू आवाजात विचारत राहिली: नवीन काम कोणतं आलं, ड्रॉइंग कागदावर उतरवणाऱ्या प्लॉटरच्या पेनांची शाई अजून सुकते का.

"साहेब तुझ्याबद्दल विचारतात," मी म्हटलं. "येतेस का परत?"

तिने आतल्या दाराकडे पाहिलं. "पोरगी शाळेत जाऊ लागली का येईन. जागा ठेवजो मायी."

मी ठेवते म्हटलं. ते माझ्या हातात नव्हतं, पण म्हटलं.

पुढच्या पावसाळ्यात मशीनची डिस्क बिघडली आणि ते कोरं ड्रॉइंग गेलं. फ्लॉपीवर जुनी कामं होती. त्यांतल्या रेषा पुसल्या असत्या तर सगळं लावलेलं परत मिळालं असतं. पण मी मुद्दाम पहिल्यापासून लावायला बसले. हद्दी, मापं, अक्षरं. ठिपक्यांमधल्या अंतरापाशी आले आणि थांबले. बारीक करायला आता कुणाची हरकत नव्हती. खोलीत फक्त एसीचा आवाज होता. मी अंतर मोठं ठेवलं, आणि त्या दिवशी मला एकटीला तिथे बसवेना. बाहेर येऊन जुन्या बोर्डांपाशी उगीच उभी राहिले.

नंतर तिच्या नवऱ्याची परळीला बदली झाली. मला कळलं ते तिच्या मामाकडून, ते लोक गेल्यावर. ती जायच्या आधी ऑफिसात येऊन गेली म्हणे, पण मी त्या दिवशी सुट्टीवर होते.

काही महिन्यांनी साहेबांबरोबर कोराडीला जागेची मापं घ्यायला गेले. जेवणाच्या सुट्टीत पाय कॉलनीकडे वळले. ती तिथे नाही हे ठाऊक असूनही मी तिचं दार वाजवलं. एका अनोळखी बाईने उघडलं. आधीच्या लोकांचा पत्ता तिलाही माहीत नव्हता.

"उन्हातून आल्या, पाणी त घ्या," ती म्हणाली.

मी उंबऱ्यात उभ्यानेच पाणी प्यायले आणि साइटवर परत आले. साहेब टेपचं दुसरं टोक धरायला माझी वाट पाहत होते.