कोरडा कोळसा

भट्टीमामांचं खरं नाव मतदारयादीत तेवढं उरलं होतं. बाकी सख्ख्या भाच्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांचे ते भट्टीमामाच. चाळीस वर्षं त्यांनी कोळसा पाडला. लाकडं रचायची, वरून पाला आणि माती लिंपायची, तळाशी आग द्यायची आणि तीन दिवस धुराकडे बघत बसायचं. धूर पांढरा असेतो लाकडातलं पाणी जातंय, पिवळा झाला की लाकूड शिजतंय, निळसर विरळ झाला की भोकं बुजवायची. जरा डुलकी लागली तर हाती राख. हे सगळं त्यांना उस्तादांनी शिकवलं होतं, बरंचसं कान पिरगाळून.

त्यातली एक शिकवण हाडात मुरली होती: कोळशाला पाणी लागू द्यायचं नाही. पाणी मारून पोतं जड करणारे धंद्यात पुष्कळ होते. मामांच्या पोत्यात हात घातला तर तळापर्यंत कोरडा लागे आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर काचेसारखे वाजत. बायको हयात असताना थट्टा करायची, की पावसाची सर आली तर हा माणूस आधी पोती आत घेईल आणि मग मला.

पुढे घरोघरी गॅस आला आणि धंदा बसला. मामा वर्षभर ओट्यावर बसून होते. मग गावाबाहेर एका संस्थेनं लोखंडी भट्ट्या मांडल्या आणि जाणता माणूस म्हणून मामांना बोलावणं आलं. तिथल्या पंचविशीतल्या मॅडम या कोळशाला बायोचार म्हणत. मामा कोळसाच म्हणत. मॅडमनी त्यांना समजावलं, की छाटलेल्या फांद्या कुजल्या किंवा जळल्या तर त्यांच्यातला कार्बन हवेत जातो आणि हवा आणखी तापते. त्यांचा कोळसा करून मातीत मिसळला, तर तो शेकडो वर्षं तिथंच राहतो. शिवाय दमलेली माती मोकळी होते, पाणी धरते. त्या संध्याकाळी मामा चालत घरी गेले. बस शेजारून गेली तरी चढले नाहीत. आयुष्यभर आपण आभाळात काय सोडत आलो, याचा विचार त्यांनी पहिल्यांदाच केला होता. आणि तीच विद्या आता उलट्या कामाला येणार होती.

मामांचं काम भट्टीपाशी संपे. कोळसा मग मागच्या शेडमध्ये जाई. तिथं दोन बायका तो शेणाच्या पाण्यात पंधरा दिवस भिजत घालत आणि नंतर कुजलेल्या खतात कालवत. मॅडमनी यामागचं कारणही सांगितलं होतं. मामांनी मान डोलावली होती. मनात मात्र ठरवून टाकलं होतं, की धूळ उडू नये म्हणून हे चाललेलं असणार. त्या शेडकडे ते फिरकत नसत. चांगल्या मालाची नासाडी बघवत नाही, म्हणायचे. यावर त्या बायका म्हणत, “तुमची लेक आम्ही शेणात लोळवतो म्हणून रुसलात होय मामा?”

मामांची थोरली बहीण, अक्का, गावाच्या कडेला राहायची. घरामागच्या जमिनीच्या पट्ट्यात ती पालक, मुळा, कोबी लावी. नवरा गेला, मुलगा मोठा झाला, पण वाफे कधी रिकामे राहिले नव्हते. अलीकडे मात्र माती दगडासारखी झाली होती. पाणी घातलं की वरच्या वर वाहून जाई. शेजारचा गोदामवाला हा पट्टा मागत होता आणि मुलाची द्यायची तयारी होती. आईची कंबर गेली आणि तरी ती ओणवीच, हे त्याला बघवत नव्हतं. एकदा मामांच्या देखतच त्यानं विषय संपवला. या हंगामात वाफे भरले तर पुन्हा तोंड उघडणार नाही, नाही भरले तर सही करायची.

अक्कानं भावाकडे पाहिलं.

“माती माझ्यावर सोड,” मामा म्हणाले.

त्यांनी बहिणीसाठी निवडून कठीण लाकूड आणलं. भट्टी स्वतः लावली, स्वतः उतरवली. असा कोळसा त्यांच्या हातून दहा वर्षांत पडला नव्हता. शेडमध्ये न नेता, बारीक कुटून, खणखणीत कोरडा असा त्यांनी तो थेट वाफ्यांत मिसळला. तोही मॅडम सांगत त्याच्या तिप्पट. बहिणीच्या दारी हात कसा आखडायचा?

पालक उगवला. दोन पानं आली, मग पिवळी पडायला लागली. मामांना वाटलं, कमीच पडला. त्यांनी आणखी दोन पोती घातली. मुळ्यानं मान टाकली, कोबीची रोपं लावताना होती तेवढ्याच उंचीची राहिली. अक्का रोज वाफ्याच्या कडेला येऊन बसे. तेव्हा कुठे मामांनी मॅडमना बोलावलं.

मॅडमनी मातीत बोटं घातली, चिमूटभर तळहातावर चुरली आणि विचारलं, “मामा, भिजवला नव्हता?”

मग मॅडमनी अक्काला सावकाश सांगितलं. कोरा कोळसा उपाशी असतो, मातीतलं खत आधी स्वतःच शोषून घेतो, म्हणून आधी त्याचं पोट भरावं लागतं. आता शेणपाणी घालत राहायचं. दोन वर्षांत ही माती पूर्वीपेक्षा चांगली होईल.

“दोन वर्षं,” अक्का म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चाळणी घेऊन आले. वाफ्यात फतकल मारून ते माती चाळू लागले. दोन दिवसांत अर्धी टोपली कोळसा निघाला, आणि तोसुद्धा मोठे तुकडेच. बारीक भुकटी मातीच्या कणाकणाला लागली होती. तिसऱ्या दिवशी अक्कानं चाळणी हातातून काढून घेतली.

“ऊठ. तुझ्या हाताला फोड आलेत.”

“अक्का, मला सांगितलं होतं गं त्यांनी. मी ऐकलं नाही.”

“लहानपणापासून कुणाचं ऐकलंयस?” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मामांना बरं वाटलं असतं.

महिन्याभरात सही झाली. अक्का मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी राहायला गेली. तिथं गॅलरी होती, पण तिनं एक कुंडीही मागितली नाही.

गोदामाचं काम सुरू व्हायला सात महिने लागले. तेवढे दिवस मामा रोज संस्थेतून शेणपाण्याची बादली उचलत आणि त्या पट्ट्यात ओतत. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिले तीन महिने काहीच झालं नाही. मग रानगवत उठलं. पाहता पाहता कमरेएवढं झालं, गडद हिरवं. शेजारच्या पट्ट्यात गवत उन्हानं वाळून गेलं, तरी इथलं तसंच उभं होतं.

मशीन आलं त्या सकाळी मामा तिथंच होते. गवतासकट वरची माती उचलली जात होती आणि डंपरमध्ये पडत होती. साइटवरचा सुपरवायझर वैतागला होता. ही माती भरावालाही चालत नाही, तो मामांना सांगू लागला, नुसती पाणी धरून बसते, दाबली तरी बसत नाही. सगळी उचलून बंद पडलेल्या खाणीत टाकायला लागणार. उगीच दोन दिवसांचं काम वाढलं.

मामांनी वाकून मूठभर माती घेतली. ओली होती. रोजच्या बादलीशिवाय आठवडाभर तिच्यावर पाणी पडलं नव्हतं, तरी ओल टिकून होती, आणि बोटांना न चिकटता ती मोकळी सुटत होती. तिच्यातून एक गांडूळ वळवळत मनगटावर आलं.

तेवढ्यात फोन वाजला. अक्का होती. आज मशीन लावणार, हे तिला मुलानं सांगितलं होतं. ती थोडा वेळ जेवणखाण, गुडघे, असं इकडचं तिकडचं बोलली. मग थांबली.

“कशी आहे रे माती?”

मामांनी मनगटावरचं गांडूळ बोटानं खाली सोडलं. ते डंपरच्या चाकापाशी पडलं.

“तशीच आहे,” ते म्हणाले. “दगड नुसता. काही सुधारली नाही.”



“मग दिली ते बरंच झालं,” अक्का म्हणाली.

“हो,” मामा म्हणाले. “बरंच झालं.”