कप्तान दुजोरा यांचे गुप्त मतदान

वैमानिकांच्या खोलीत एका टोकाला कॉफीचे यंत्र आहे, दुसऱ्या टोकाला हवामानाचा पडदा. या दोहोंच्या मधल्या बाकावर उड्डाणाची वाट पाहत बसलेल्या उंच, किंचित वाकलेल्या गृहस्थांना सहकारी ‘कप्तान दुजोरा’ म्हणतात. तोंडावरही म्हणतात, आणि त्यांची हरकत नसते.

या नावामागे कामाची एक रीत आहे. विमान दोघे चालवतात. एकाने उंचीचा आकडा बसवला की त्याने तो मोठ्याने उच्चारायचा, त्यावर बोट ठेवायचे. दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ‘तपासलं’ म्हणायचे. दुजोरा मिळालेला आकडा मग कोणी एकट्याने, गुपचूप बदलत नाही. ही रीत सगळेच पाळतात. कप्तानांनी मात्र ती घरी नेली. बाहेर पडताना ते दाराशी उभे राहून “गॅस बंद” असे जाहीर करतात, आणि पत्नीने “तपासला” म्हटल्याखेरीज कुलूप लागत नाही. “लग्नाचा होकारसुद्धा यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतला,” असे बाई पाहुण्यांना सांगतात. “तिसऱ्यांदा विचारलं असतं, तर मी उठून गेले असते.”

अशा माणसाने वैमानिकांच्या संघटनेविषयी काय मत बाळगावे? कंपनीत संघटना नव्हती. एका मोठ्या संघटनेत सामील व्हावे की नाही यावर मतदान ठरले, तेव्हा हा प्रश्न पुष्कळांच्या कुतूहलाचा झाला. जो दुसऱ्याच्या दुजोऱ्याविना खटका फिरवत नाही, तो संघटनेचा पहिला पुरस्कर्ता असावा, असा तर्क सहज करता येतो. प्रत्यक्षात कप्तान त्यापासून चार हात दूरच होते.

याची कारणे दोन. पहिले ते उघड सांगत: विमानाचा जाब कप्तान एकटा देतो, ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याला टोपीबरोबरच मिळतो, तो वर्गणी भरून पुन्हा कशाला मिळवायचा? दुसरे कारण ते सांगत नसत. त्यांना प्रशिक्षक व्हायचे होते. जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये नवख्यांना घेऊन बसावे, त्यांच्या हातून चुका होऊ द्याव्यात आणि मग सावकाश विचारावे, ‘आता काय दिसतंय?’ याहून मोठी इच्छा त्यांना नव्हती. संचालनप्रमुखांनी त्यांना चहाला बोलावून सुचवलेही होते, “तुमचं जवळजवळ ठरलंय. फक्त या भानगडीत पडू नका. प्रशिक्षक म्हणजे आमच्यातला माणूस.”

त्यांच्यासोबत बहुधा एक तरुण सहवैमानिक असे. बोलण्यात ती कोणाला ऐकत नसे. प्रवासी चढायची वाट पाहत असताना एकदा तिने विषय काढलाच.

“सर, परवा सुट्टीच्या दिवशी ऑफिसचा फोन आला, तेव्हा काय म्हणालात?”

“येतो म्हणालो.”

“झोप झाली होती?”

“अर्धीमुर्धी.”

“मग तेव्हा दुजोरा कोणाचा घेतलात?”

“तुझ्या तोंडी लागण्यापेक्षा वादळ परवडलं,” कप्तान म्हणाले. “अगं, संघटनेत काय सगळे शहाणेच असतात? कामचुकारालाही तीच छत्री आणि मलाही तीच.”

“पावसात कामचुकारही भिजतोच की, सर.”

त्या दिवशी घरी गॅसची घोषणा करायला ते विसरले, याची नोंद पत्नीने घेतली. “अहो, तळ्यात की मळ्यात, एकदा काय ते ठरवा.” “मतदान गुप्त असतं,” कप्तान म्हणाले. “माझ्यापासूनही? ताकाला जाऊन भांडं लपवताय!”

मतदान प्रशिक्षणाच्या वर्गातच झाले. खुर्च्या भिंतीला लावून मध्ये एक आडपडदा उभा केला होता. टेबलाशी निवडणूक अधिकारी म्हणून निवृत्त न्यायाधीश बाई. एका बाजूला संघटनेचा माणूस, दुसऱ्या बाजूला संचालनप्रमुख. कप्तान पडद्याआड गेले. वर्ग शांत होता. आणि आतून, विमानात वापरतात त्या सपाट, स्वच्छ आवाजात शब्द आले:

“सामील व्हावे. होय.”

रांगेत पुढेच उभी असलेली सहवैमानिक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “तपासलं.”

पुढच्या क्षणी दोघांनाही काय झाले ते कळले. वर्ग हास्याने दणाणला. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी कप्तानांचा कागद मागून घेतला, बाद केला, नवा दिला. “आता तोंड उघडायचं नाही.” “बाई, पट्टी लावा तोंडाला,” मागून कोणीतरी म्हणाले, “नाहीतर हे पुन्हा उड्डाण करतील!”

दुसऱ्यांदा कप्तान बराच वेळ आत राहिले. पडद्यामागून चकार शब्द आला नाही. घडी केलेला कागद पेटीत पडला. जाता जाता ते सहवैमानिकेपाशी थांबले. “न पाहता ‘तपासलं’ म्हणायचं नसतं.”

“पाहत होते, सर. बरेच दिवस.”

बाहेरच्या बोळात संचालनप्रमुखांनी त्यांना गाठले. ते स्वतः जुने वैमानिक. आवाजात खरी आपुलकी होती. “पहिला कागद बाद झाला, बरंच झालं. दुसऱ्यावर काय होतं, कुणाला ठाऊक? सवयीने जीभ घसरली, मत तसं नव्हतं, एवढंच म्हणा. जागा तुमचीच आहे.”

एक वाक्य पुरे होते, आणि ते खोटे ठरवणे कोणालाही शक्य नव्हते.

“साहेब, तुम्हीही विमानं चालवलीत,” कप्तान म्हणाले. “दुजोरा मिळालेला आकडा कधी गुपचूप बदललात?”

“अहो, ते कॉकपिटमध्ये!”

“मीही इतके दिवस स्वतःला हेच सांगत होतो.”

मतदान संघटनेच्या बाजूने गेले. थोडक्यात, पण गेले. प्रशिक्षकाची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. ती बातमी आली त्या संध्याकाळी नवराबायको फिरायला निघाले होते.

“गॅस बंद,” कप्तान दाराशी म्हणाले.

“तपासला. आणि ती जागा?”

“गेली.”

पत्नीने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट, वेळ घेऊन पाहिले. “तपासलं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कुलूप लावले.