ओळंब्यातला कोपरा

सविताचा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. काम तेवढ्या लवकर नसायचं. पण घरामागची न्हाणी म्हणजे चार बांबूंना बांधलेली पोती. उजाडलं की कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं समोरच उभी राहत. म्हणून आंघोळ अंधारात.

नवलाख उंबरे गावाच्या पुढे आमची वाडी. तिकडच्याच एका कारखान्यात ती ठेकेदाराकडून पॅकिंगला होती. सहा महिने काम, मग ब्रेक. तिसऱ्या ब्रेकनंतर परत बोलावणं आलं नाही. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

मी चाळीस वर्षं गवंडीकाम करून गुडघ्यांमुळे थांबलो होतो. वडगावच्या एका संस्थेनं विचारलं, बेकार माणसांना हे काम शिकवाल का? शिकण्यासाठी खोट्या भिंती बांधून पाडायच्या नव्हत्या, गावाला लागणारं काम करायचं होतं. मला ते पटलं. खोट्या भिंतीला कुणी जीव लावत नाही. आमच्या शाळेला कुंपणभिंत नव्हती, आवारात गुरं शिरत. ती भिंत तीन महिन्यांत आठ जणांनी उभी करायची, रोज थोडा भत्ता. शेवटी गोरख येऊन बघणार होता. लोणावळ्यात तो बंगल्यांची कामं घेतो. ज्याचा हात बसला असेल त्याला गवंडी म्हणून घेईन, असं त्यानं कबूल केलं होतं.

आठांत दोन बायका, सविता आणि शालूबाई. आमच्याकडे बांधकामावर बाई आली की तिच्या डोक्यावर घमेलं आणि थापी पुरुषाच्या हातात. पहिल्या दिवशी मीही सवयीनं दोघींपुढे घमेली सरकवली. सविताने तिच्यापुढचं उचललं नाही.

"आबा, वझं उचलायला शिकवणी कशाला लागती? ते येतंय मला. थापी द्या."

"द्या तिला," शालूबाई म्हणाली. "आठ दिसांत बोटं सोलली की आपसूक परत दील."

बोटं सोलली. ती चिंध्या बांधून आली. चिंध्यांमुळे वीट नीट बसेना, ओळ वाकडी गेली. मी ओळ तोडायला लावली. कीव आली नव्हती असं नाही. पण वाकड्या ओळीवर पुढची ओळ वाकडीच बसते. दुसऱ्या दिवशी ती चिंध्या सोडून आली.

गोरख येणार त्याच्या दोन दिवस आधी रस्त्याकडचा एक कोपरा राहिला होता. घाई होती. भिंत उभ्यानं सरळ आहे का ते बघायला दोरीला पितळी वजन लावलेला ओळंबा असतो. तो मी पिशवीतच ठेवला. शाळेच्या खोलीच्या कडेशी डोळ्यानं जुळवून कोपरा धरला. चाळीस वर्षांच्या डोळ्याचा मला गर्व होता. सविताने आणि मी मिळून तो तीन फूट वर नेला.

सकाळी पोचलो तर ती ओळंबा सोडून उभी.

"आबा, कोपरा कललाय. अर्धा इंच."

"शाळेशी जुळवलाय मी."

"मग शाळाच कललीय. तितं बी सोडून बघितला."

खरं होतं. खोली उताराकडे कधीच खचली होती.

"प्लास्टरमध्ये भरून काढू," मी म्हणालो. हाताखालच्या कुणाला मी हे वाक्य कधी बोलू दिलं नव्हतं.

"माझी ओळ तोडली तवा न्हाई सुचलं हे?" तिनं हातोडी उचलली.

"उद्या गोरख येणार. अर्धी भिंत दिसंल त्याला."

"दिसू द्या."

कोपरा पाडला. विटा खरवडून साफ केल्या. संध्याकाळपर्यंत दोन फूट परत वर आला.

गोरख आला. "कोपरा कुटं गेला? बायकांनी बांधला व्हय?"

"बांधला, पाडला, परत बांधतोय." सविताने ओळंबा त्याच्यापुढे धरला. "सोडून बघा."

त्यानं सोडला. वजन विटेला जेमतेम टेकून थांबलं, म्हणजे कोपरा ओळंब्यात होता.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "पकडली तिनं."

गोरखनं ओळंबा तिला परत दिला. "काम बरंय. पण बाई गवंडी बघून बंगलेवाले हसतील. सोमवारपासनं बिगारी म्हणून ये, माल कालवायला."

"न्हाई."

"दुसरं काय हाय तुज्याकडं?"

"काय न्हाई. तरी न्हाई."

पुरुषांतले तिघे त्याच्याबरोबर गेले. भत्ता बंद झाला होता. तरी सविताने कोपरा पुरा केला आणि सात दिवस दोन्ही वेळा भिंतीवर पाणी मारलं.

महिन्यानं गोरखचा मला फोन आला. भुशीच्या रस्त्याला, उतारावर एका बंगल्याची कुंपणभिंत होती. माणसांनी डोळ्यानं कोपरे धरले, मालकानं दोनदा पाडायला लावले. "आबा, तुमी या."

"माझे गुडघे गेले. सविताला विचार. रोजची हजेरी गवंड्याच्या दरानं."

त्यानं विचारलं. ती म्हणाली, "येते. पण समद्यांम्होरं सांगायचं, काय म्हणून आलीय."

कामावर आठ-दहा माणसं उभी होती. गोरखनं घसा साफ केला. "ही गवंडी हाय. कोपरे ही धरंल."

कुणीतरी हसलं. तिनं दोरी बांधायला घेतली.

तो पावसाळा येण्याआधी तिच्या मजुरीतून विटा आल्या, सिमेंट आलं, पत्र्याचं दार आलं. घरामागची पोती निघाली. भिंती तिनंच उभ्या केल्या, घमेली शालूबाईनं वाहिली आणि त्याची पुरी हजेरी घेतली. चारही कोपऱ्यांना मी ओळंबा सोडला. खोट काढायला जागा नव्हती. न्हाणीच्या दाराला आतून कडी आहे. सविता आता सहाला उठते.